घणसोलीच्या बांधावरून आग्नेयेला

१४ मे २०२४

मे महिन्यात नाशिकहून ठाण्याला जाणारा माणूस एकतर लग्नाला चाललेला असतो, नाहीतर कुणाची तरी तब्येत बघायला. मी एका दिव्याच्या चौकशीला चालले होते. घरी तसं सांगितलं नाही. ताईकडे आंबे पोचवते, म्हणाले.

दिवा १९८४ सालचा. मी तेव्हा नऊ वर्षांची, ताई चौदाची आणि मामेभाऊ अकराचा. मे महिन्याची सुट्टी म्हणजे घणसोली, आमचं आजोळ. गावाच्या पश्चिमेला खाजण, मिठागरं आणि ठाण्याची खाडी. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर. एका संध्याकाळी खाडीच्या बांधावरून आम्हाला त्या डोंगराच्या वर एक पांढरा ठिपका दिसला. ताऱ्यापेक्षा मोठा, न लुकलुकणारा, जागचा न हलणारा. बघता बघता तो पिवळा झाला, मग नारिंगी, मग लाल, आणि मंद होत होत विझला. आवाज नाही, धूर नाही. एवढंच.

पण एवढ्यावर आमच्या घरात ४० वर्षं वाद चालला आहे. आजी म्हणायची, वेताळाचा छबिना निघाला होता. मामा म्हणायचा, कारखान्याच्या चिमणीचा जाळ. माझी आई त्या वेळी घणसोलीत नव्हती, तरी ठामपणे म्हणायची, शुक्र. ताईच्या मते स्कायलॅब, ते पडलेलं अमेरिकन अंतराळस्थानक. मी शाळेत जाऊन सांगितलं, राकेश शर्मा. तो अकरा एप्रिललाच पृथ्वीवर परतला होता, पण नऊ वर्षांच्या मुलीला त्याचं काय!

गेल्या महिन्यात ताईचा मेसेज आला. ‘मामी आता नावं विसरायला लागली. विचारायचं असेल तर ये.’ मामी सोडली तर त्या संध्याकाळचं मोठं माणूस कुणी उरलेलं नाही. म्हणून त्याच महिन्यात जायचं ठरवलं.

पंचवटी वेळेवर निघाली. डब्यात एकच विषय होता, कालचं वादळ. काल दुपारी मुंबई-ठाण्यात धुळीचं वादळ झालं, घाटकोपरला भलंमोठं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि त्याखाली माणसं गेली. अजून ढिगारा उपसणं चालू होतं. विंडोसमोरचे काका फोनवर ते व्हिडिओ आवाज मोठा करून लावत होते. कसारा घाट उतरताना रेंज गेली तेव्हा जरा शांत झालं.

ठाण्यात प्रचाराच्या रिक्षा. २० तारखेला मतदान, नाशिकलाही त्याच दिवशी, त्यामुळे एका गोंगाटातून दुसऱ्या गोंगाटात आल्यासारखं वाटलं. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम. वाघबीळला पोचेपर्यंत आंबे अर्धे पिकले असतील.

ताईचा फ्लॅट सतराव्या मजल्यावर. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी आणि भाची गॅलरीत बसलो. भाचीला या प्रकरणात आईपेक्षा जास्त रस. तिचं पहिलं म्हणणं, ‘मावशी, ऑरोरा असेल.’ कारण ताजं होतं. १० मेच्या रात्री सूर्यावरच्या उद्रेकांमुळे जगभर ध्रुवीय प्रकाश दिसला, लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेवरून आभाळ लालसर झालेलं टिपलं गेलं. खरं तर मुंबईलाही हा मान एकदा मिळालेला आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड सौरवादळात मुंबईहून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. पण तो उत्तरेकडचा पसरट उजेड. आमचा ठिपका होता, आणि पूर्वेच्या बाजूला होता.

मग स्कायलॅब. ताई हे सोडायला तयार नव्हती. ती नऊ वर्षांची असताना स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून अख्खा महाराष्ट्र धास्तावला होता. आमच्या आजोबांनी मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून बोकड कापला, ही गोष्ट आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नात निघते. पण स्कायलॅब पडलं ११ जुलै १९७९ ला, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. जुलैत घणसोलीच्या बांधावर चिखल असतो आणि आभाळात ढग. शिवाय मी तेव्हा चार वर्षांची होते.

‘आणि पडणारी वस्तू जागेवर उभी नाही राहत,’ भाची म्हणाली. हे ती पुस्तकातून सांगत नव्हती. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळत्या रेघा गेल्या तेव्हा ती नागपूरला हॉस्टेलवर होती. चिनी रॉकेटचा टप्पा होता तो. त्याचं मोठं कडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सापडलं. कक्षेतून खाली येणारं असं काहीही सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येतं, आडवं जातं, तुटत तुटत जातं. ‘आम्हाला गच्चीवर धावत जाईपर्यंत अर्धं संपलं होतं,’ ती म्हणाली. उल्का तर त्याहून वेगवान, चार-पाच सेकंदांचा खेळ.

शुक्राचा निकाल तिने फोनवर लावला. स्टेलॅरियम हे कुठल्याही तारखेचं आभाळ दाखवणारं ॲप उघडलं, मे १९८४ टाकलं. शुक्र सूर्याच्या जवळजवळ मागे, १५ जून १९८४ ला बरोबर पलीकडे. महिनाभर दिसायचा प्रश्नच नव्हता. तसंही संध्याकाळचा शुक्र पश्चिमेलाच असतो, पूर्वेला कधीच नाही. गंमत म्हणजे यंदाच्या मेमध्येही तो तिथेच लपलेला आहे. शुक्राचं चक्र ८ वर्षांनी पुन्हा जवळपास त्याच तारखांना येतं, आणि ४० म्हणजे ८ चे पाच फेरे. आईची थिअरी अशी ४० वर्षांनी, तिच्या माघारी, निकालात निघाली. ती असती तर म्हणाली असती, तुमचा फोन चुकतोय.

समोर मुंबईकडे उतरणारी विमानं रांगेत येत होती. सरळ आपल्या रोखाने येणारं विमान मिनिट-दोन मिनिटं जागचं हलत नाही, नुसता पांढरा दिवा. मी म्हणाले, हेही असू शकतं. ताई म्हणाली, ‘मग ते विझलं कशाला? लाल कशाला झालं?’ हा प्रश्न पुढचे सगळे दिवस पुरला.

१५ मे

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल. दिघा गाव हे नवं स्टेशन जानेवारीतच सुरू झालंय. मग ऐरोली, रबाळे, घणसोली. आम्ही लहानपणी ठाण्याहून एसटीने यायचो, तेव्हा डाव्या हाताला कारखाने लागले की नाक दाबायचं हा नियम होता. आता त्याच बाजूला काचेच्या आयटी इमारती आहेत आणि डब्यातली निम्मी पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवलेली.

आजोळचं कौलारू घर जाऊन तिथे चार मजली इमारत झाली आहे. तळाला मोबाइलचं दुकान, वर भाडेकरू, सगळ्यात वर मामी. दारातच तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ताईच्या नावाने हाक मारली. ताईने मला कोपराने ढोसलं, बोलू नकोस. मग जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आंबट कालवण. भाची शहरातली असूनही दोन भाकऱ्या जेवली, त्याचा मामीला एवढा आनंद झाला की दिव्याचं बोलणं काढायला तीन वाजले.

नावं विसरते, पण ती संध्याकाळ नाही.

‘आबालान मोती टांगलेला गो बाय,’ मामी म्हणाली. ‘मंग तो लाल झाला. आनि दुसऱ्या दिशी भिवंडी पेटली.’

मी आणि ताई एकमेकींकडे पाहत राहिलो. हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, किंवा लहानपणी ऐकूनही बाजूला ठेवलं होतं. १७ मे १९८४ ला भिवंडीत दंगल उसळली. ती कल्याण, ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली, कर्फ्यू लागला, शेकड्यांनी माणसं मेली. आम्हाला त्या सुट्टीतलं एवढंच आठवत होतं की शेवटी शेवटी मामाने घराबाहेर पडू दिलं नाही आणि नाशिकला परत जाणं लांबलं. मुलांना कारण कुणी सांगितलं नव्हतं. मामीने मात्र त्या दोन गोष्टी कायमच्या एकत्र बांधल्या होत्या. तिच्या लेखी तो मोती म्हणजे भिवंडीची पूर्वसूचना. काही वाक्यांनंतर तर तो भिवंडीचाच जाळ झाला.

‘मामी, आधी मोती की आधी जाळ?’ भाचीने विचारलं.

‘मोती आधीच्या सांजेला. पुनव झालेली, चांद उशिरा आयला. तुमी निवट्या धरायला गेलतास. ओहोटी व्हती ना.’

खाडीकाठच्या बाईची साक्ष कोर्टातही टिकेल. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे सांजेला पाणी ओसरलेलं, चिखल उघडा, निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, बाहेर. भाचीने फोन काढला. १५ मे १९८४, वैशाख पौर्णिमा. तेव्हा १६ मेला चंद्र सूर्यास्तानंतर तासाभराने उगवला असणार. मामीने चाळीस वर्षांनी, कुठलंही पंचांग न बघता, तारीख दिली होती.

आणि त्याबरोबर एक दारही बंद केलं. दुसऱ्या दिवशी तो दिवा पुन्हा होता का, हा सगळ्यात कामाचा प्रश्न. तारा किंवा ग्रह असेल तर होता, दुसरं काही असेल तर नव्हता. पण दुसऱ्या दिवशी घणसोलीतलं एकही पोर बांधावर गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उत्तर होतं तेव्हा बघणारं कुणी नव्हतं.

निघताना मामीने गच्चीवर नेलं आणि हाताने बाजू दाखवली. भाचीने लगेच होकायंत्र लावून आकडा टिपला. भिवंडी घणसोलीहून जवळजवळ उत्तरेला पडते, किंचित पूर्वेकडे झुकलेली. मामीचा हात गेला होता तो पूर्वेच्याही खाली, आग्नेयेकडे. मी मामीला हे सांगितलं नाही. तिने जे बांधून ठेवलंय ते सोडवायचा मला काय अधिकार?

रात्री वाघबीळला परत. भाचीने स्टेलॅरियममध्ये १६ मे १९८४, संध्याकाळचे साडेसात, घणसोली असं टाकलं आणि फोन माझ्यासमोर धरला. पूर्वेच्या जरा खाली, डोंगराच्या वर, एकटा, लाल, ठळक मंगळ.

११ मे १९८४ ला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला होता. अशा वेळी तो सूर्य मावळताना उगवतो आणि एरवीपेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. त्या दिवसांत त्याच्या तेजाची प्रत (आकडा जितका कमी, तेज तितकं जास्त) उणे पावणेदोनच्या आसपास होती, म्हणजे आभाळातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्याच्या, व्याधाच्याही पुढे. शनीही शेजारीच, दोघे तूळ राशीत. पंचांगवाल्यांनी त्या महिन्यात किती शांती करून घेतल्या असतील कोण जाणे.

‘संपलं,’ भाची म्हणाली. ताई उठून आत गेली. ‘मंगळ मला कळत नाही का?’ हे आतून.

१६ मे

आज ठाण्यात शून्य सावली. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. ठाण्याचा मेमधला दिवस हा. दुसरा जुलैच्या शेवटी, तेव्हा ढगांतून काय दिसणार! सोसायटीच्या गच्चीवर बाराच्या सुमारास पंधरा-वीस मुलं जमली होती. कुणी पाण्याची बाटली, कुणी पेला, एकाने चक्क क्रिकेटचा स्टंप आणला होता. १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास पेल्याची सावली पेल्याखाली शिरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग लगेच सगळी खाली पळाली, कारण फरशी तापलेली. ताईने मात्र नंतर पाच मिनिटं स्टंपाकडे बघत उभं राहून सावली दुसऱ्या बाजूने निघेपर्यंत वाट पाहिली. तिला अर्धवट काही सोडता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

चारला पुन्हा घणसोली. बांध सापडवणं अवघड गेलं. पाम बीच रोडच्या बाजूने आत शिरलो, खारफुटी आता इतकी दाट झालीय की खाडी दिसतच नाही. शेवटी एका म्हाताऱ्या आगरी गृहस्थांनी उघाडीची जागा दाखवली, जिथून पूर्वी भरतीचं पाणी आत घ्यायचे. तिथे बांधाचा पन्नास पावलांचा तुकडा शिल्लक आहे. निवट्या आहेत. दूर चिखलावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही होते, गुलाबी कमी आणि करडे जास्त. आमच्या लहानपणी या खाडीत रोहित पाहिल्याचं मला आठवत नाही. आता त्यांच्यासाठी अभयारण्य आहे आणि खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत.

भाचीने प्रयोग नीट मांडला होता. मला आणि ताईला वेगवेगळं उभं केलं, एकमेकींचं दिसू नये म्हणून. डोळे मिटायचे, ती संध्याकाळ आठवायची, हात दाखवायचा. मग हात ताणून मूठ धरायची, क्षितिजापासून किती मुठींवर ते सांगायचं. ताणलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. माझा हात उत्तरेपासून मोजला तर ११५ अंशांवर, ताईचा १०५ वर. काल मामीचा त्या दोघींच्या मध्ये. उंची दोघींचीही मूठभर किंवा थोडी जास्त. इतकी वर्षं रंगावरून, आकारावरून भांडलो, पण बाजू आणि उंची तिघींची एक निघाली. रंग आणि आकार दर वेळी सांगताना जरा बदलतात. बाजू बदलत नाही, कारण ती डोंगराला टेकलेली असते.

१६ मे १९८४ ला, सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मंगळ होता जवळपास ११० अंशांवर, मूठभर उंच.

‘आता?’ भाचीने विचारलं.

‘तो वर चढत जाणार,’ ताई म्हणाली. ‘मंगळ विझत नाही. आणि आम्ही पाहिलं ते आधी पांढरं होतं. मी काही बावळट नव्हते, चौदा वर्षांची होते.’

तिथे मला माझा उमेदवार काढावा लागला. तो मी नाशिकहूनच घेऊन आले होते, पण मंगळ निघाल्यावर काढायला संकोच वाटत होता. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथून शास्त्रीय उपकरणं टांगून प्रचंड बलून सोडतात. मला ते माहीत झालं जयंत नारळीकरांमुळे. त्यांच्या प्रयोगात याच केंद्रातून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली होती आणि २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या नव्या प्रजाती सापडल्या. वर गेल्यावर असं बलून फुगून शंभर मीटरपेक्षा रुंद होऊ शकतं. हिवाळ्यात त्या उंचीवरचा वारा त्याला पूर्वेला नेतो, उन्हाळा सरता सरता वारा उलटतो आणि बलून पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या बाजूला सरकतं.

समजा, ३५ किलोमीटर उंचीवर असं एक बलून पुण्याच्या पलीकडे कुठेतरी आहे. खाली आपल्याकडे सूर्य मावळला, पण त्या उंचीवर अजून ऊन आहे. प्लॅस्टिकचा पातळ गोळा पांढरा चकाकतो. इतका मोठा आणि इतका लांब, की ताऱ्यासारखा बिंदूही वाटत नाही आणि नीट गोलही दिसत नाही. लांब असल्याने हलतानाही कळत नाही. मग त्याचाही सूर्यास्त जवळ येतो, सूर्यकिरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे जाऊन त्याच्यावर पडतात, म्हणून तो पिवळा, नारिंगी, लाल. आणि पृथ्वीची सावली चढली की तो विझतो. हिशेब केला तर आपल्या सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी.

ताई काही बोलली नाही, पण तिने माझा हात धरला.

‘आणि हैदराबाद कुठल्या बाजूला?’ भाचीने आधीच नकाशा उघडला होता. मोजून ती हसायला लागली. घणसोलीहून हैदराबाद १०८ अंशांवर. मंगळही तिथेच, बलूनही तिथूनच येणार. ज्या एका गोष्टीवर आम्ही तिघी ठाम होतो ती दोघांनाही सारखीच लागू.

राहिली वेळ. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी बलून विझतं आणि साधारण त्याच वेळी मंगळ नजरेत भरायला लागतो. तेव्हा आभाळात उजेड होता की अंधार, एवढ्यावर खटला येऊन ठेपला. ताई म्हणाली, उजेड होता, चिखलातली निवट्यांची बिळं दिसत होती. मला बिळं आठवत नाहीत. मला विझल्यानंतरचं काळं आभाळ आठवतं.

सात वाजून पाच मिनिटांनी सूर्य खारफुटीमागे गेला. वीस मिनिटांनी बांधावर पायाखालचं दिसत होतं, चाळीस मिनिटांनी नाही. अर्धा चंद्र वर होता, त्यामुळे खरा १९८४ चा अंधार मिळाला नाही. आग्नेयेला उंच इमारतींचे दिवे, हाय टेन्शनचे मनोरे, त्यांच्यामागे डोंगराची रेघ जेमतेम. डास इतके की ताईने ओढणी तोंडाला गुंडाळली. साडेआठनंतर धुरकट हवेतून एक लालसर ठिपका इमारतींच्या वर आला. ज्येष्ठा. मंगळाशी स्पर्धा करणारा तारा म्हणूनच त्याचं ग्रीक नाव अँटारेस पडलं. ताई पटकन म्हणाली, ‘हे!’ आणि मग, ‘नाही. ते फार मोठं होतं.’ १९८४ चा मंगळ याच्या बारा पट तेजस्वी होता, हे भाचीने सांगितल्यावर ती पुन्हा गप्प.

१७ मे

सकाळी करावे गावात मामेभावाकडे. दादा सीवूड्सच्या बाजूला राहतो. गाव जुनंच आहे, भोवती टॉवर. तो तेव्हा अकरा वर्षांचा, बांधावर आमच्या पुढे होता. माझी सगळी भिस्त त्याच्यावर.

त्याला दिवा आठवत नाही. अजिबात नाही. आमच्या गोष्टी ऐकून ऐकून आपण पाहिलं असेल असं त्याने धरून ठेवलं होतं. मी खोदून विचारल्यावर त्याने हे कबूल केलं आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

‘मला त्या सांजेचा मार आठवतो,’ तो म्हणाला. निवट्यांचा पत्र्याचा डबा त्याच्या हातून पडला होता. सगळ्या निवट्या गेल्या आणि डबाही गेला, मामाने घरी आल्यावर छडी घेतली. ‘मी शोधत होतो चिखलात. दिसतच नव्हतं काय. काळोख झालेला.’

‘तुम्ही दोघी तेव्हा काय करत होतात?’ वहिनीने विचारलं.

‘या दोघी उभ्या होत्या वर बघत,’ दादा म्हणाला. ‘एकीने मदत नाय केली.’

हीच साक्ष हवी होती. काळोख असेल तर बलून नव्हे. दादाला दिव्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवते. मंगळ विझला कसा, याचंही उत्तर मला घणसोलीच्या बांधावरून उतरतानाच सुचलं होतं. बांधावरून त्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्या होत्या. संध्याकाळचा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो. धुराचा लोट मंगळावरून गेला तर तो आणखी लाल होईल आणि मग दिसेनासा होईल. मामा चिमणी म्हणायचा, तो पूर्ण नसला तरी निम्मा बरोबर असेल. पांढऱ्या रंगाचं मात्र मला काही करता येत नाही. मंगळ कधीच पांढरा नसतो. ताईने तो मुद्दा बरोबर पकडून ठेवला आहे आणि तिच्या बाजूने तेवढा एकच पुरेसा आहे. शिवाय डबा दिवा विझल्यानंतर बऱ्याच वेळाने पडला असेल, असंही ती परतीच्या लोकलमध्ये जुईनगर ते ठाणे सांगत राहिली.

माझा कौल मंगळाला, ताईचा बलूनला. भाची म्हणते, टीआयएफआरला लिहून त्या मेमध्ये बलून सोडलं होतं का ते विचारू, उड्डाणांच्या नोंदी असणारच. मसुदा तिने रात्रीच केला. त्यात ताईने ‘आम्ही तिघांनी प्रत्यक्ष पाहिले’ असं घातलं होतं, ते मी खोडून ‘दोघींनी’ केलं.

१८ मे

सकाळी मामलेदार मिसळ खाल्ली. तिखट मागायला नको होती. दुपारची गाडी.

प्लॅटफॉर्मवर भाचीने फोनमधलं पुढचं पान दाखवलं. मंगळ सूर्यासमोर साधारण २६ महिन्यांनी येतो, पण मे महिन्यात क्वचितच. पुढचे योग जानेवारी २०२५, फेब्रुवारी २०२७, मार्च २०२९, आणि मग ४ मे २०३१. तेव्हा तो पुन्हा संध्याकाळी घणसोलीच्या आग्नेयेला उगवेल. तिने तारीख कॅलेंडरमध्ये टाकली आणि आम्हा दोघींना आमंत्रण पाठवलं. ताईने ते लगेच स्वीकारलं.

‘मी एकसष्ट वर्षांची असेन,’ ती म्हणाली. ‘त्या बांधावर खुर्ची घेऊन यायची. आणि मी आधी बघणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.’

‘आणि मंगळच निघाला तर?’

‘तर तो पांढरा आहे का ते बघू,’ ताई म्हणाली आणि आंब्यांची रिकामी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. गाडी लागली होती.